विषय होता, संदर्भ नव्हता

सरकारी कचेरीत द्यायच्या पत्राचा साचा आपल्या हाताला सवयीचा असतो. वर ‘प्रति’, उजवीकडे तारीख, मग ‘विषय’ आणि त्याखाली ‘संदर्भ’. ही संदर्भाची ओळ लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा. पण टेबलामागचा अनुभवी कारकून पत्र हातात आलं की आधी तीच ओळ वाचतो. हे कशाच्या उत्तरात आलंय, आधी काय घडलंय, कोणत्या तारखेचं आहे, हे त्याला तिथे कळतं. त्याशिवाय तो कागद पुढे सरकवत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती दंगलीत दोन दिवस होरपळली. तो घटनाक्रम मी आज पुन्हा लावतो आहे तो या एका ओळीसाठी. अमरावतीची हकीगत सांगताना कुणी शुक्रवार, १२ नोव्हेंबरपासून सुरुवात करतो, कुणी शनिवार, १३ नोव्हेंबरपासून. एकाला पहिल्या दिवसाचे दगड आठवतात, दुसऱ्याला दुसऱ्या दिवसाचे. सुरुवात कुठून करायची हे ठरलं की दोषी कोण हेही आपोआप ठरतं. म्हणून मी शनिवारच्या सकाळला शून्य धरून महिनाभर मागे जातो.

३१ दिवस आधी. बुधवार, १३ ऑक्टोबर २०२१. कोमिल्ला, बांगलादेश

दुर्गापूजेतली महाअष्टमी. नानुआ दिघी नावाच्या तळ्याकाठी पूजेचा मांडव. मध्यरात्रीनंतर, मांडवात कुणी नसताना, एक माणूस येतो. जवळच्या धर्मस्थळातून आणलेली कुराणाची प्रत हनुमानाच्या मूर्तीजवळ ठेवतो आणि मूर्तीची गदा खांद्यावर टाकून निघून जातो.

सकाळी सातच्या सुमारास ती प्रत लोकांच्या नजरेस पडते. आपत्कालीन क्रमांकावर फोन जातो, पोलीस येतात. त्याच वेळी एक जण फेसबुकवर थेट चित्रण सुरू करतो. चौकटीत मूर्ती दिसते, ग्रंथ दिसतो. तो तिथे ठेवला कुणी, हे चौकटीत नाही.

पाहणाऱ्याने ती रिकामी जागा आपल्या मनाने भरली. त्याच दिवशी चांदपूर जिल्ह्यातल्या हाजीगंजमध्ये जमाव आणि पोलीस भिडले, गोळीबार झाला, माणसं मेली. पुढच्या दिवसांत नोआखालीत मंदिरांवर हल्ले झाले, रंगपूर जिल्ह्यात हिंदूंची घरं जाळली गेली. सीसीटीव्हीतून त्या माणसाची ओळख पटायला एक आठवडा लागला. पोलिसांनी त्याला कॉक्स बाजारमध्ये पकडलं, तोवर जळायचं ते जळून गेलं होतं.

१८ दिवस आधी. मंगळवार, २६ ऑक्टोबर. पानीसागर, उत्तर त्रिपुरा

त्रिपुरा तीन बाजूंनी बांगलादेशाने वेढलेलं आहे. तिथल्या असंख्य बंगाली हिंदू कुटुंबांची मुळं सीमेपलीकडच्या गावांत आहेत. फाळणीत आणि नंतर १९७१ मध्ये ती इकडे आली. कोमिल्ला आपल्याला नकाशात शोधावं लागतं. त्यांच्यासाठी ते आजोळ आहे. त्यात राज्यात महापालिका आणि नगरपालिकांच्या निवडणुका २५ नोव्हेंबरला होणार होत्या. तिथे त्या महिन्यात निघालेला कुठलाही मोर्चा हे सगळं पोटात घेऊन निघत होता.

बांगलादेशातल्या हिंसेच्या निषेधार्थ विश्व हिंदू परिषदेने पानीसागरला मोर्चा काढला. मोर्चाच्या दरम्यान रोवा बाजारात दुकानांना आग लागली, घरांची नासधूस झाली. चामटिला भागातल्या एका मशिदीची मोडतोड झाल्याचं सुरुवातीला स्थानिक पोलिसांनीच सांगितलं.

हे नीट लक्षात ठेवायला हवं. पानीसागरला काहीतरी घडलं होतं. ज्यांची दुकानं जळाली त्यांच्यासाठी ती अफवा नव्हती.

१५ दिवस आधी. शुक्रवार, २९ ऑक्टोबर. आगरतळा

त्रिपुरा पोलिसांनी जाहीर केलं की पानीसागरमध्ये कोणतीही मशीद जाळलेली नाही, समाजमाध्यमांवर फिरणारी छायाचित्रं तिथली नाहीत. त्याच दिवशी त्रिपुरा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन राज्य सरकारकडे अहवाल मागितला.

पोलिसांचं वाक्य शब्दशः वाचावं. ‘मशीद जाळलेली नाही’ आणि ‘मशिदीला धक्काही लागला नाही’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पण ऐकणाऱ्यांनी दोन तट केले. एका बाजूला, सगळी मशीद जाळली. दुसऱ्या बाजूला, काहीच झालं नाही, सगळा बनाव आहे. पानीसागरच्या रोवा बाजारातलं जळकं दुकान या दोन्ही वाक्यांत मावत नव्हतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्रिपुरा पोलिसांनी १०२ समाजमाध्यम खात्यांवर दहशतवादविरोधी कायद्याखाली, म्हणजे यूएपीए लावून, कारवाई सुरू केली. त्यांत खोटी छायाचित्रं पसरवणारे होते, तसे पत्रकारही होते. घडलं काय हे सांगू पाहणारा आणि आग लावणारा एकाच यादीत आले, की लोक उरलासुरला भरवसा अफवेवर ठेवतात.

९ दिवस आधी. गुरुवार, ४ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन. वऱ्हाड

इकडे दिवाळी. कापसाची वेचणी सुरू, सोयाबीनचे पैसे हातात यायचे दिवस. एसटीचे कर्मचारी आंदोलनात होते आणि काही दिवसांतच राज्यभरातले आगार ओस पडले. माणसांचा प्रवास थांबला होता, फोनवरचा मात्र जोरात होता.

त्या फोनवर आलेल्या एका छायाचित्राकडे जवळून पाहू. काही माणसं हातात अर्धवट जळालेली कुराणाची पानं धरून उभी आहेत. चेहऱ्यावर दुःख. वर मजकूर, त्रिपुरात काय चाललंय बघा. चित्र खरं होतं. पानं खरोखर जळाली होती, माणसांचं दुःखही खरं होतं. पण ते जून २०२१ मधलं, दिल्लीतल्या रोहिंग्या निर्वासितांच्या वस्तीला लागलेल्या आगीनंतरचं होतं. चित्रात कुणी एक रेघ बदलली नव्हती. फक्त तारीख आणि गाव गळून पडलं होतं.

‘ध’ चा ‘मा’ केल्याची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो. ‘धरावे’ या शब्दाचं ‘मारावे’ झालं आणि १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशवे मारले गेले. त्या कथेत निदान कुणाला तरी लेखणी घेऊन एक अक्षर बदलावं लागलं होतं. इथे अक्षर बदलायचीही गरज पडली नाही. वरची ‘प्रति’, ‘दिनांक’ आणि ‘संदर्भ’ फाडून टाकलं, की उरलेला खरा कागदसुद्धा खोटं बोलू लागतो.

आणि आपल्याला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठेचून मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरचे दोघे एक मूल उचलून नेताना दिसत. ती पाकिस्तानातल्या कराचीत, पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी मूल परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. तेवढा शेवट कापून ती आपल्या गावागावांत पोचली. त्यानंतर व्हॉट्सॲपने पुढे पाठवण्यावर मर्यादा घातल्या, अनेकदा फिरलेल्या मजकुरावर दुहेरी बाणाची खूण आली. ती खूण एवढंच सांगते की हा मजकूर फार हातांतून आला आहे. कुणाच्या हातातून निघाला, हे ती सांगत नाही.

त्या दिवाळीत चहाच्या टपरीवर ऐकलेलं एक बोलणं माझ्या मनात घर करून आहे. दोघे म्हातारे, एकाच्या हातात नातवाचा फोन.

‘‘हे कुठचं व्हय भाऊ?’’

‘‘त्रिपुऱ्याचं हाय म्हणते.’’

‘‘कोन म्हणते?’’

‘‘आता आलं ना गुरुपवर.’’

‘‘गुरुपवर आलं, ते समजलं. पण कोन म्हणते?’’

दुसऱ्याने फोन खिशात घातला. विषय कापसाच्या भावावर गेला.

वीसेक तास आधी. शुक्रवार, १२ नोव्हेंबर, दुपार. जिल्हाधिकारी कार्यालय, अमरावती

त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधार्थ रझा अकादमीने आणि काही मुस्लीम संघटनांनी राज्यात बंदची हाक दिली होती. अमरावतीत जुम्म्याच्या नमाजनंतर जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा गेला. पोलिसांच्या अंदाजाने आठ हजारांहून अधिक लोक होते. निवेदन द्यायचं आणि परतायचं, असा कार्यक्रम.

निवेदन हा लोकशाहीतला सगळ्यात साधा राजकीय संदेश. तो कुणाला दिला हे वर लिहिलेलं असतं. खाली सह्या असतात. कार्यालयात त्यावर शिक्का पडतो, आवक क्रमांक पडतो. त्या कागदाची जबाबदारी कुणाची तरी असते. शुक्रवारी दुपारी तो कागद टेबलावर पोचला. त्याचं काम तिथे पूर्ण झालं होतं.

बाहेरच्या आठ हजारांना मात्र कागद वाचून दाखवायला कुणी नव्हतं. त्यांच्या खिशात जे होतं ते वेगळं होतं. जळकी पानं, रडणारी माणसं, आणि ‘अजून गप्प बसणार का?’ असा सवाल. टेबलावरच्या संदेशाला पत्ता होता. खिशातला निनावी होता.

अठराएक तास आधी. शुक्रवार दुपार. चित्रा चौक ते कॉटन मार्केट

परतीच्या वाटेवर चित्रा चौक आणि कॉटन मार्केट चौकाच्या दरम्यान तीन ठिकाणी दगडफेक झाली. दुकानांच्या काचा फुटल्या. त्याच दिवशी नांदेडला आणि नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावातही दगडफेक झाली.

ज्यांच्या दुकानांवर दगड पडले, त्यांतल्या कुणीही पानीसागर पाहिलेलं नव्हतं. दगड मारणाऱ्यांनीही नाही. मध्ये दीड हजार किलोमीटरचं अंतर. कोमिल्लातल्या एका मांडवाचा हिशेब उत्तर त्रिपुरातल्या एका बाजारात चुकता केला गेला, आणि त्या बाजाराचा हिशेब अमरावतीच्या चौकात. प्रत्येक ठिकाणी ज्याने किंमत मोजली त्याचा मूळ खात्याशी काडीचा संबंध नव्हता. हे समजावून घेतल्याने फुटलेली काच जुळत नाही, आणि दगड मारणाऱ्याचा गुन्हा तसूभर कमी होत नाही. पण एवढं समजलं नाही, तर पुढचा दगड कुठून येणार हेही समजत नाही.

पंधराएक तास आधी. शुक्रवार, संध्याकाळ

आता नवा विषय तयार झाला, आणि तोही संदर्भाविना. दगडफेकीच्या चित्रफिती शहरभर फिरू लागल्या. गंमत म्हणून नव्हे, खऱ्या भीतीने. कुणाचा भाचा त्या रस्त्यावर होता, कुणाचं दुकान. पण दुपारी तीन ठिकाणी घडलेलं रात्रीपर्यंत ‘सगळ्या शहरात’ घडलेलं झालं. मोर्चातून सरळ घरी गेलेली हजारो माणसं एकाही फितीत नव्हती. सरळ घरी जाणाऱ्याचं चित्रण कोण करणार?

शनिवारी अमरावती बंदची हाक भारतीय जनता पक्षाने दिली.

बंद हा वऱ्हाडाला अनोळखी नाही. कापसाच्या भावासाठी, पीकविम्यासाठी, वेगळ्या विदर्भासाठी इथे बाजार बंद राहिले आहेत. एरवी ‘उद्या बंद’ याचा अर्थ दुकानदाराला नेमका कळतो. दुपारपर्यंत शटर अर्धं खाली, कार्यकर्ते येऊन गेले की पुन्हा वर. पण आदल्या दिवशी दगड पडलेल्या शहरात, महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपत असताना, त्याच दोन शब्दांचा अर्थ तोच राहत नाही. एकाला त्यात ‘आमच्या बाजूने कुणीतरी उभं आहे’ असं ऐकू आलं. दुसऱ्याला ‘उद्या तुमची पाळी’ असं. हाक देणाऱ्याने काय म्हटलं याबरोबर, कोणत्या रात्री म्हटलं, हेही त्या हाकेचा भाग असतं. नेत्याची जबाबदारी शब्दांपाशी संपत नाही. शुक्रवारचा बंद पुकारणाऱ्यांनाही हेच लागू आहे आणि शनिवारचा पुकारणाऱ्यांनाही.

दहाएक तास आधी. शुक्रवार, मध्यरात्र

या तासांत चौक रिकामे होते. तरी मला हेच तास सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, कारण अजून सगळं थांबवता येण्यासारखं होतं.

अमरावतीचं जुनं शहर परकोटाच्या आत आहे. भिंतीला वेशी आहेत, वेशींना नावं आहेत. जवाहर गेट, खोलापुरी गेट. माणूस कोणत्या वेशीने आत आला यावरून तो कुठला, कुणाकडे निघालाय, हे एकेकाळी कळायचं. वेशीवर विचारणा व्हायची. त्या रात्री शहरात हजारो संदेश शिरले आणि वेशीवर कुणीच नव्हतं. अंबादेवीच्या परिसरातल्या घरांत एक क्रम फिरत होता आणि इतवाऱ्यातल्या घरांत दुसरा. दोन्हीकडे खऱ्या गोष्टी होत्या. दोन्हीकडे आपल्याला दुखावणाऱ्या तेवढ्याच होत्या. शेजारच्या मोहल्ल्यात कोणता मजकूर फिरतोय हे पाहायची सोयच नव्हती, कारण ज्याच्याशी रोज बाजारात बोलणं होतं त्याच्याशी आपला कुठलाही ग्रुप नव्हता.

शून्य. शनिवार, १३ नोव्हेंबर, सकाळ. राजकमल चौक

राजकमल चौक म्हणजे अमरावतीचं नाक. शेकडो लोक जमले, अनेकांच्या हातात भगवे झेंडे. घोषणा सुरू झाल्या, मग दगड, मग दुकानांची तोडफोड. पोलिसांनी लाठीमार केला. कालच्या दगडांचं उत्तर आज दगडांनी दिलं गेलं आणि आजही ज्यांच्यावर ते पडले ते कालचे दगड मारणारे नव्हते.

शहरात संचारबंदी लागू झाली. आदेश काढला पोलीस आयुक्तपदाचा कार्यभार सांभाळणाऱ्या संदीप पाटील यांनी. वैद्यकीय गरजेशिवाय घराबाहेर पडायचं नाही, पाचपेक्षा जास्त जणांनी जमायचं नाही. पालकमंत्री यशोमती ठाकूर आणि गृहमंत्री दिलीप वळसे-पाटील यांनी शांततेचं आवाहन केलं. राज्य राखीव दलाच्या गाड्या आल्या. मोबाइल इंटरनेट बंद झालं.

त्यानंतर काही तासांनी. शनिवार. नवी दिल्ली

त्याच शनिवारी केंद्रीय गृह मंत्रालयाने खुलासा केला. गोमती जिल्ह्यातल्या काकराबन भागात मशिदीची मोडतोड झाल्याच्या बातम्या खोट्या आहेत, तिथल्या मशिदीला नुकसान झालेलं नाही, आणि महाराष्ट्रात झालेली हिंसा त्रिपुराविषयीच्या खोट्या बातम्यांवरून झाली.

या खुलाशाचं दुर्दैव दोन पदरी होतं. पहिलं, तो उशिरा आला. अमरावतीत तोवर फोन मुके झाले होते. ज्या शहराला तो सगळ्यात जास्त हवा होता तिथेच तो हातातल्या पडद्यावर उघडत नव्हता. दुसरं, तो काकराबनबद्दल बोलत होता. काकराबन गोमती जिल्ह्यात, म्हणजे राज्याच्या दक्षिणेकडे. पानीसागर उत्तर त्रिपुरात. खुलाशाच्या कागदाला विषय होता, पण तो कोणत्या बातमीच्या उत्तरात आहे हे अमरावतीतल्या सामान्य माणसाला कळणं अवघड होतं. ज्याला विश्वास ठेवायचा नव्हता त्याने ठेवला नाही, आणि ज्याला ‘सगळंच खोटं होतं’ म्हणायचं होतं त्याला ते म्हणायला कागद मिळाला.

पुढचे चार दिवस

सोमवारी, १५ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशी होती. संचारबंदीत रस्ते सामसूम. दोन्ही दिवसांच्या घटनांबद्दल गुन्हे नोंदले गेले, अटका झाल्या. माजी मंत्री अनिल बोंडे यांनाही अटक झाली, नंतर जामीन मिळाला.

कागदावर न आलेलं नुकसान वेगळं. हातगाडीवर फळं विकणाऱ्याकडे चार दिवस पुरेल एवढी शिल्लक नसते, आणि फळंही चार दिवस टिकत नाहीत. रोजंदारीच्या बाईला सुट्टीचा पगार नसतो. संचारबंदी उठल्यावर दुकानदार शटर वर करतो तेव्हा तो आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहतो. ही नजर पुढे कैक महिने जात नाही.

सात महिन्यांनी. मंगळवार, २१ जून २०२२. रात्री दहा ते साडेदहा. अमरावती

मे २०२२ च्या अखेरीस भारतीय जनता पक्षाच्या प्रवक्त्या नूपुर शर्मा यांच्या दूरचित्रवाणीवरच्या विधानाने देश ढवळला. ५ जूनला पक्षाने त्यांना निलंबित केलं. अमरावतीतल्या ५४ वर्षांच्या एका औषध विक्रेत्याने त्यांच्या समर्थनाचा मजकूर एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार त्या मजकुराचं छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, त्या ग्रुपमधून बाहेर पडून अनोळखी माणसांपर्यंत गेलं आणि त्यातून कट शिजला. दुकान बंद करून स्कूटरने घरी जात असताना त्याची गळा चिरून हत्या झाली. मुलगा आणि सून मागेच दुसऱ्या गाडीवर होते. सुरुवातीला लूटमारीचा प्रकार वाटलेलं हे प्रकरण २ जुलैला राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेलं.

या हत्येला कोणताही संदर्भ सौम्य करू शकत नाही. मत पटलं नाही तर वाद घालावा, ग्रुप सोडावा. माणूस मारायचा अधिकार कुठल्याही मजकुराने मिळत नाही. पण स्क्रीनशॉट नावाच्या वस्तूकडे एकदा नीट पाहावं. तिच्यावर नाव राहतं, वाक्य राहतं. आधीची दहा वाक्यं कापली जातात. कुणाशी बोलणं चाललं होतं ते कापलं जातं. दुकानाच्या फळीवर बसून ओळखीच्या माणसाला सांगितलेलं मत आणि चौकात ध्वनिक्षेपकावरून दिलेली घोषणा, दोन्ही त्या चौकटीत सारखीच दिसतात.

अठरा महिन्यांनी. शनिवार, १३ मे २०२३. अकोला

राजकमल चौकातल्या त्या शनिवारनंतर बरोबर दीड वर्ष. ‘द केरला स्टोरी’ हा चित्रपट ५ मे रोजी प्रदर्शित झाला होता आणि त्यावरून घराघरांत वाद झडत होते. अकोल्यात इन्स्टाग्रामवर दोघांचा असाच वाद झाला. त्यात पैगंबरांविषयी आक्षेपार्ह मजकूर लिहिला गेला. संवाद बाहेर फुटला.

संध्याकाळी संतप्त जमाव रामदासपेठ पोलीस ठाण्यावर गेला. इथपर्यंत ती कायद्याची वाट होती. तक्रार द्यायची, गुन्हा नोंदवायचा.

रात्री मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरात, हरिहरपेठेच्या भागात, दोन गट समोरासमोर आले. दगडफेक, जाळपोळ, गाड्यांचे सांगाडे. एकाचा जीव गेला, पोलिसांसह अनेक जखमी झाले. चार पोलीस ठाण्यांच्या हद्दीत जमावबंदी आली, इंटरनेट बंद झालं. तेव्हाचे पोलीस अधीक्षक संदीप घुगे यांनी किरकोळ वादातून हे घडल्याचं सांगितलं.

मेलेला माणूस रिक्षा चालवायचा. त्या रात्री जखमी झालेल्या, तेव्हा १७ वर्षांच्या असलेल्या एका मुलाने पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्याचा दावा असा की रिक्षाचालकावरचा हल्ला त्याने पाहिला, आणि रिक्षा मुस्लीम मालकाची असल्याने चालकही मुस्लीम असावा अशा समजातून तो झाला. रिक्षाचालक हिंदू होता. ११ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने हिंदू आणि मुस्लीम अशा दोन्ही समाजांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचं विशेष तपास पथक नेमायला सांगितलं. पथकाच्या रचनेवर नंतर फेरविचाराची मागणीही झाली. दाव्याचा निवाडा तपास आणि न्यायालय करतील.

पण तो दावा वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात आपल्या साऱ्या आजाराचा शेवट दिसतो. आधी आपण चित्र संदर्भाविना वाचतो. मग वाक्य संदर्भाविना वाचतो. आणि एका रात्री अंधारात समोर उभा राहिलेला माणूसच संदर्भाविना वाचला जातो. तो कोण, कुठला, कुणाचा बाप, घरी किती जण वाट पाहतायत, काही नाही. त्याची रिक्षा कुणाची, एवढाच विषय.

आता

इंटरनेट बंद करून संदर्भ परत येत नाही. त्याने अफवा थांबते, तसा खुलासाही थांबतो. पोलिसांनी खुलासा करावा, लवकर करावा, मराठीत करावा, उर्दूत करावा, वऱ्हाडी माणसाला कळेल असा करावा आणि अर्धवट करू नये. ‘काहीच झालं नाही’ म्हणण्यापेक्षा ‘एवढं झालं, एवढं झालं नाही’ असं सांगणारा पोलीस अधिकारी अधिक जीव वाचवेल. नेत्यांनी बंद पुकारण्याआधी त्या रात्रीचं शहर वाचावं. शाळांतून पत्रलेखन शिकवतातच. विषय आणि संदर्भ यांत फरक काय, हे शिकवताना समोर फोन ठेवावा.

आणि आपलं काम त्याहून छोटं आहे. फोनवर काहीही आलं, मग ते आपल्या रागाला कितीही गोड लागो, की पुढे पाठवण्याआधी मनात ती कंटाळवाणी ओळ लिहायची. संदर्भ: हे कुठलं, कधीचं, कुणी कुणाला म्हटलेलं, आधी काय झालं होतं. ओळ भरता आली नाही, तर कागद पुढे सरकवायचा नाही. मत बदलायची गरज नाही. राग सोडायचीही नाही. फक्त तेवढा वेळ थांबायचं.

कोमिल्लाच्या सकाळी, चित्रा चौकाच्या दुपारी, अमरावतीच्या मध्यरात्री, अकोल्याच्या संध्याकाळी, प्रत्येक वेळी हातात काही तास होते. दर वेळी कुणीतरी ते पाठवून पाठवून संपवले.

टपरीवरच्या त्या म्हाताऱ्याचं नाव मला ठाऊक नाही. पण त्याच्यासारखी दहा माणसं दर मोहल्ल्यात हवीत. फोन पुढे केला की चष्मा कपाळावर चढवून, घाई न करता, एवढंच विचारणारी. कुठचं व्हय? कवाचं हाय? कोन म्हणते?